चुलीवरचा अडुळसा

१९५५ साली, तुळशीचं लग्न लागल्यावर आठ दिवसांनी, लोणी भापकरच्या सुशीलेचं ठरत आलेलं लग्न मोडलं. ते मी मोडलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी तेव्हा बारामतीत एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. पाहिलं तेवढंच लिहायचं, ही आमची शिस्त. त्या दिवशीही मी ती जवळजवळ पाळली. जवळजवळ — या शब्दापाशीच मी इतकी वर्षं अडतो.

आधी चहाचं सांगतो. त्याच वर्षी शिमग्याच्या सुमारास मी स्वतः सुशीलेला पाहायला गेलो होतो. त्या घरात चहापूड पाहुण्यांसाठी असे. घरच्यांसाठी मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाची पाती, आलं आणि गूळ. मला पातीचाच चहा आला. पूड संपली असेल. की मी पुडीच्या लायकीचा वाटलो नसेन? कप हातात असतानाच आतून तिचा आवाज आला.

"आये, ह्यांच्या बोटांना नुसती शाईच हाय गं. ह्यांनी कासरा धरला तर बैल हसंल की!"

आतल्या बायका हसल्या. समोर बसलेले तिचे वडील, दामूतात्या, मिशीत हसले आणि मग उगाच पावसापाण्याचं विचारू लागले. दोन दिवसांनी नकार आला. त्या घरानं माझं एवढंच वाईट केलं.

त्या दिवशी निघताना दिसलं — चुलीवर दुसऱ्या भांड्यात अडुळशाची पानं उकळत होती. मी विचारलं. "माझ्यासाठी हाय," तात्या म्हणाले, "खळ्यावरची धूळ घशात बसलीया."

मग कार्तिक आला. इंदापूरच्या रंगरावांना भाच्यासाठी सुशीला पसंत पडली होती. सुपारी फुटायची बाकी होती. त्याआधी तिऱ्हाइताकडे घराची चौकशी करायची, ही आमच्याकडची रीत. बातमीदाराला सगळं ठाऊक असतं, म्हणून ते माझ्याकडे आले.

"घर कसं हाय?"

मी म्हणालो, माणसं चांगली आहेत. मी गेलो तेव्हा चुलीवर अडुळसा उकळत होता.

रंगरावांनी खुर्ची जवळ ओढली. लग्नाची मुलगी असलेल्या घरात अडुळसा — याचा अर्थ त्या काळी कुणाला सांगावा लागत नसे. क्षयाचं नावही लोक तोंडानं घेत नसत.

"कुणासाठी?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मी विचारलं नाही."

हे एकच वाक्य खोटं होतं. रागाच्या भरात बोललो का? नाही. राग शिमग्यातला, आणि हे आठ महिन्यांनंतरचं. तात्यांचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवत होतं.

गोष्ट गावात पोचली. लोक त्या घरचा कप ओठाला लावीनासे झाले — पुडीचाही, पातीचाही. तात्यांनी मुलीला पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडे बारामतीला आले. कोण बोललं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"सायेब, तुमी छापा. पोरीची छाती साफ हाय, एवढंच छापा. तुमचं लिवलेलं लोक खरं मानत्यात."

मी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणालो, तात्या, छापलं तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल. हे बरोबर होतं. ते बरोबर आहे याचा मला आनंद झाला — हेही लिहायला हवं, नाही का?

"मंग रंगरावांना दोन वळी तरी लिवा. तुमचा शब्द त्ये मोडणार न्हाईत."

लिहितो म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, चिठ्ठीची घडी घातली आणि ते निघाले. जिना उतरताना ते एकदाही खोकले नाहीत. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

त्या दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. रंगरावांच्या भाच्याचं लग्न माघात माळेगावच्या मुलीशी झालं. १९५९ च्या अखेरीस सुशीला लोणी भापकरला, वडिलांच्याच घरी होती.