प्रिंटरवर छापलेला करडा

टोकियोतल्या आमच्या ऑफिसात वृद्धाश्रमांच्या खोल्यांत लावायच्या कॅमेऱ्याची चाचणी चालली होती. अंधाऱ्या कोपऱ्यात एखादे आजोबा पडले तर ते पडद्यावर दिसले पाहिजेत, एवढंच त्या कॅमेऱ्याचं काम. त्यासाठी त्याच्यासमोर ग्रे स्केल चार्ट लावतात: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अकरा पट्ट्या, मधल्या सगळ्या करड्या. शेवटच्या गडद पट्ट्या पडद्यावर वेगवेगळ्या दिसल्या नाहीत, तर आजोबाही दिसणार नाहीत.

आमच्या टीम लीडने चार्ट उन्हाळाभर खिडकीत ठेवून विटवला. नवा यायला दोन आठवडे लागणार होते आणि रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा होता. तेव्हा या पुण्याच्या हुशार गृहस्थाने चार्टची फाइल ऑफिसच्या प्रिंटरवर छापली. पडद्यावर अकराच्या अकरा पट्ट्या सुट्या दिसल्या.

"बघ, पास. मार तुझा शिक्का."

"हा करडा नाहीच. भिंगातून बघा, नुसते काळे ठिपके आहेत. आणि यातला काळा चमकतो, खरा काळा नाही. म्हणून कॅमेऱ्याला सोपं जातंय."

"तुला गं कसं कळलं?"

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. स्वस्त छपाईतला काळा मी लहानपणी जेवताना बोटांवर पाहिला आहे. हे त्याला काय सांगणार?

"अगं, जपान्यांना कागदावर शिक्का दिसला की झालं. ऑफिसात क्रांती करू नकोस."

हाच माणूस हिगाशी-कसाई वस्तीतल्या आपल्या घरी प्लास्टिकचा कचरा चुकीच्या वारी ठेवला गेला, की शेजारणीसमोर कमरेत वाकतो. पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी मात्र त्याची मानही हलत नव्हती.

इथे सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारतात; मी माझा मारला नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चार्ट ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेला आहे,' आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने न वाचता स्वतःचा शिक्का उमटवला. वाचायची सवय असती, तर एवढी वेळच आली नसती.

आमचे जपानी विभागप्रमुख कागद शेऱ्यापासूनच वाचतात. चाचणी थांबली. खरा चार्ट आला आणि त्याच्या शेवटच्या तीन पट्ट्यांचा पडद्यावर एकच काळा डाग झाला. कॅमेरा दुरुस्तीला परत गेला. मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी प्रामाणिक शेऱ्याबद्दल आभार मानले, अर्थात ज्याचा शिक्का होता त्याचे. तो खोल वाकला.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बघितलंस? इथे प्रामाणिकपणाची कदर होते."

तेव्हापासून त्याला जे सांगायचं, ते मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिते.