एकाच लांडग्याचे दोन हिवाळे

भोकरदन तालुक्यात धावड्याजवळच्या माळावरचा लांडगा जानेवारीतल्या एका मंगळवारी मेला. मला ते नऊ दिवसांनी, गुरुवारी सकाळी कळलं. तोपर्यंत त्याला पुरलेलं होतं.

सांगितलं ते एका मेंढपाळ बाईंनी. हिवाळ्यात त्यांचा वाडा, म्हणजे नवरा-बायको, मेंढरं, दोन घोडी आणि कुत्री, माळाच्या कडेच्या शेतांत मुक्कामाला असतो. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात. मी बाईंना मावशी म्हणत असे. त्या मला भाऊ म्हणत, आणि मी पुरेसा लांब गेलोय असं वाटलं की ‘गू वेचणारा भाऊ’.

काम तेवढंच होतं. जालन्यात एका दैनिकाचं कार्यालय होतं, तिथं मी बरीच वर्षं बातमीदार होतो. कार्यालय बंद झालं. पुढे दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला या भागात पायी फिरणारा माणूस हवा होता. लांडग्याची विष्ठा शोधायची, तिचा वरचा थर काडीने खरवडून स्पिरिटच्या नळीत टाकायचा, जागा आणि वेळ लिहायची, नळ्या कुरिअरने पाठवायच्या. आतड्यातून बाहेर पडताना विष्ठेला जनावराच्या पेशी चिकटतात. त्यांतल्या डीएनएवरून ते जनावर लांडगा आहे की कुत्रा, नर की मादी, आधी नोंदलेलं की नवं, हे कळतं. जनावर दिसावं लागत नाही. दोन हिवाळ्यांत मला जिवंत लांडगा एकदाही दिसला नाही.

जुन्या जालन्यातल्या खोलीतून पहाटे मोटारसायकल काढायची, भोकरदनला चहा घ्यायचा, उजाडताना माळावर पोचायचं. चहावाल्याला सांगितलेला ‘एक’ हा बऱ्याचदा त्या दिवसातला पहिला आणि शेवटचा शब्द असे. प्रत्येक नमुन्यासोबत एक तक्ता भरावा लागे. त्यात ‘सोबत कोण’ असा रकाना होता. सुरुवातीला मी त्यात ‘कोणी नाही’ लिहीत होतो. नंतर आडवी रेघ मारू लागलो.

पहिल्या हिवाळ्याचे निकाल उन्हाळ्यात आले. काही नमुने कुत्र्यांचे होते. लांडग्याचे जेवढे होते तेवढे सगळे एकाच नराचे होते. दुसऱ्या हिवाळ्याच्या पहिल्या खेपेतही तोच नर निघाला.

“सर, हा एकटाच आहे तुमच्याकडे,” प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई फोनवर म्हणाल्या.

हे मी मावशींना सांगितलं. त्या मेंढराच्या खुरातला काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “एकटा कशाचा? मादी हाय त्याची.”

“पाहिली का तुम्ही?”

“मंग? रोज रानात आमी असतो का तुमची परयोगशाळा?”

बातमीदारीत एक नियम होता. माणूस एक सांगतो आणि कागद दुसरं, तर कागद छापायचा. मी वहीत लिहिलं: स्थानिकांचा दावा, दोन. पुष्टी नाही.

त्या गुरुवारी मी वाड्याजवळ गाडी लावली तेव्हा नेहमी भुंकणारी दोन कुत्री दिसली नाहीत.

“तुमचा लांडगा गेला भाऊ,” मावशी म्हणाल्या. “मागल्या मंगळवारीच गेल्ता.”

“मग सांगितलं का नाही? माझा नंबर आहे ना तुमच्याकडे?”

उत्तर त्यांच्या नवऱ्याने दिलं. “मेलेला लांडगा दाखिवला की पयले इचारतेत, मारला कुणी. मेंढरं सोडून तालुक्याला चकरा कुणी मारायच्या?”

दोघांनी मिळून सांगितलं ते असं. आधीच्या पंधरा दिवसांत त्यांची दोन कुत्री मेली. डोळ्यांतून चिकट पाणी येई, पाय थरथरत. मग मंगळवारी दिवसाढवळ्या लांडगा वाड्याजवळ चालत आला. हाकललं तरी गेला नाही. एका बाभळीखाली बसला. त्याचेही पाय थरथरत होते. मेंढरं बिथरली म्हणून त्यांनी ती दुसरीकडे वळवली. दुपारी परत आले तेव्हा तो मेलेला होता. त्यांनी तिथंच खड्डा खणला, लांडगा आत ठेवला आणि मेंढरांसाठी आणलेल्या मिठाची आख्खी थैली त्याच्यावर ओतली.

“मीठ कशाला?” मी विचारलं.

“आमचं कुत्रं गेलं की मीठ टाकूनच पुरतो. कोल्हे उकरत न्हाईत,” मावशी म्हणाल्या. “ह्याला काय येगळं करायचं?”

“चार कोकरं खाल्ली त्यानं आमची,” नवरा म्हणाला. “वर मीठ बी आमचंच.”

मी वनरक्षकाला फोन केला. तो दुपारी आला. त्याच्यासमोर खड्डा उकरला, पंचनामा झाला. अंगावर जखम नव्हती, विषबाधेची खूण नव्हती. पंचनाम्यात मेंढपाळांविरुद्ध काही लिहिलं गेलं नाही. मिठाने कातडी आखडून कडक झाली होती, पण सडली नव्हती. वनरक्षकाच्या परवानगीने कानाचा तुकडा आणि आणखी दोन नमुने घेतले. मी तिथूनच प्रयोगशाळेला फोन लावला.

“मीठ?” संशोधक बाई म्हणाल्या. “फारच चांगलं झालं. मिठात डीएनए टिकतो. कुत्र्यांचाच आजार होता का, ते मात्र सांगता येणार नाही, विषाणू इतके दिवस टिकत नाही.”

निकाल फेब्रुवारीत आला. मेलेला लांडगा तोच नर होता. दोन हिवाळे ज्याच्या नळ्या मी भरत होतो तोच. आजाराच्या रकान्यात ‘निष्कर्ष नाही’ असं होतं. मेलेल्या कुत्र्यांची तपासणी झाली नव्हती. तेव्हा त्याच्या मरणाचं कारण आजही नक्की नाही.

“मग सर, हा माळ यादीतून काढावा लागेल,” संशोधक बाई म्हणाल्या. “दुसऱ्या जनावराची नोंदच नाही. हा हंगाम संपेपर्यंत काही मिळालं तर बघू.”

याचा अर्थ मला माहीत होता. नोंदीत माळ रिकामा होणार. रिकाम्या माळावर पुन्हा कोणी शोधायला येत नाही. माझं तिथलं जाणंही संपणार होतं.

पुढच्या रविवारी मी गेलो आणि मावशींना तसं सांगितलं. त्यांनी आधी माझा तक्ता मागितला, मग वाचता येत नाही म्हणून परत दिला.

“तुमी वेचता कुठं कुठं, ते तोंडानं सांगा.”

मी सांगितलं. पायवाटा एकमेकींना छेदतात तिथं. गाडीवाटेच्या तिठ्यावर. बांधाच्या मोठ्या दगडांवर. लांडगा हद्दीची खूण म्हणून अशाच जागी विष्ठा टाकतो, तिथं ती लवकर सापडते. प्रयोगशाळेने उंचवटे, ओढे, झुडपं अशी बरीच ठिकाणं लिहून दिली होती. मी ती हळूहळू सोडून दिली होती. बातमीदार असतानाही मी हेच करत होतो. बसस्थानक, पानटपरी, तहसीलसमोरचा चौक. तीन ठिकाणी उभं राहिलं की दिवसाचा मजकूर होत असे.

मावशी हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

“चौकात गडी बसतेत भाऊ! तुमच्या जालन्यात तरी बाया बसतेत का चौकात?”

“ही बसंल,” नवरा म्हणाला.

“तुमी गप ऱ्हावा. मेंढरं बघा.”

त्या पुढे आणि मी मागे असे आम्ही नाल्याच्या घळीकडे गेलो. दोन हिवाळ्यांत मी त्या बाजूला उतरलो नव्हतो. तिथं वाटच नव्हती. तरवडाच्या आणि बोरीच्या झुडपांतून मावशी वाकून शिरल्या आणि एका ठिकाणी काठी टेकवून थांबल्या. विष्ठा ओली होती. तिच्यात काळे केस होते.

“आमच्याच मेंढराचे,” त्या म्हणाल्या. “जेवण आमचं, नोंद तुमची.”

मी नळी भरली. जागा लिहिली, वेळ लिहिली. ‘सोबत कोण’ या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी विचारलं, “काय लिवून राह्यले?”

“तुमचं नाव.”

“कुठं सही-अंगठा तर न्हाई ना?”

“नाही.”

“मंग लिवा बराबर.”

आठवड्याभरात वाडा हलला. ऊस तुटलेल्या रानांत चारायला ते अंकुशनगरकडे गेले. घळीजवळच्या शेतात लेंड्या आणि चुलीचे तीन दगड राहिले. मार्चभर मी एक दिवसाआड गेलो. तिठे, दगड, घळ, झुडपं, नाल्याची दुसरी बाजू. मिळाले ते नमुने पुढे कुत्र्यांचेच निघाले. तक्त्यात पुन्हा रेघ आली.

निकाल एप्रिलमध्ये आला. घळीतला नमुना लांडग्याचा होता. मादी. आधीच्या कोणत्याही नोंदीशी जुळत नाही. माळ पुढच्या हंगामाच्या यादीत राहिला. मी मावशींना फोन केला. त्यांच्या नवऱ्याने उचलला. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. “तिला सांगतो,” एवढं कळलं.

त्या नमुन्याच्या तक्त्यावरची वेळ सकाळी आठ चाळीसची आहे. त्यानंतर त्या मादीचा नमुना मिळालेला नाही.