लाटसाहेबांची सिगारपेटी

अप्पा सिगार ओढत नसत, धरत. संध्याकाळी फाटकाजवळ वेताची खुर्ची टाकून, तोंड रस्त्याकडे करून बसायचे आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत ती जाड तपकिरी कांडी. बाजारातून परतणारी माणसे दिसली की हात जरा वर यायचा. पेटवायची मात्र नाही. पेटवली की असा खोकला लागायचा की डोळे पांढरे व्हायचे, आणि खोकणारा माणूस साहेब दिसत नाही, एवढे त्यांना कळत होते.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही मला विचारलेत, की वसूआत्याच्या घरात तिच्या बाबांचा फोटो आहे, मग आपल्या घरात का नाही? आजोबांनी विषय बदलला. वसूचे बाबा, म्हणजे हे अप्पा, त्यांचे धाकटे भाऊ होते, आजोबांना बोलवत नाही. मी वहिनी आहे, मला बोलवते. आडपडदा न ठेवता लिहिते.

अप्पा जव्हारच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कारकुनांचे वरिष्ठ म्हणून निवृत्त झाले. यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या घराण्यात नांगर सोडून खुर्चीवर बसलेली ती पहिलीच पिढी. पण निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून हे गृहस्थ जणू जिल्हा चालवून घरी परतले होते. दुधवाल्याशी इंग्रजीत बोलत. ते इंग्रजी मी ऐकलेले आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले, आठवीतल्या मुलाला मी त्यासाठी बाकावर उभे केले असते. गावाने त्यांना ‘लाटसाहेब’ असे नाव दिले. त्यांच्या कानावर ते गेले तेव्हा त्यांना तो मान वाटला!

कुठल्याही गोष्टीवर त्यांचे एकच उत्तर असे: “दर्जा, वहिनी, दर्जा.” चहा बशीत ओतायचा नाही, का? दर्जा. दाभोशाचा धबधबा बघायला सगळे जीपने निघाले तर हे येणार नाहीत, का? जीपमध्ये पाय दुमडून बसण्यात दर्जा नाही. वहिनी बिचाऱ्या गेल्या तेव्हा भेटायला येणाऱ्यांपैकी कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला सतरंजी, हेही त्यांनी स्वतः उभे राहून सांगितले. या वहिनी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. आम्ही एकमेकींना वहिनीच म्हणायचो.

जाऊ गेल्यावर घर वसूने चालवले. ती मोखाड्याला शाळेत शिकवायची. सकाळी स्वयंपाक करून, बाबांचा डबा झाकून जीप पकडायची आणि दिवेलागणीला परत यायची. तिला स्थळे येत. अप्पा प्रत्येकात खोट काढत. एकाचे नाक, एकाच्या घराचे पत्रे, एकाची आई मोठ्याने हसते. असे करता करता वसू पस्तिशीला आली. मग तिने आपण होऊन सांगितले, की पोशेऱ्याच्या शाळेत शिकवणारे एक सर आहेत, त्यांच्याशी मला लग्न करायचे आहे. तेच तुमचे काका. अप्पांनी नकार दिला नाही. “वडील काय करतात?” विचारले. सैन्यात होते, असे वसूने सांगितले. अप्पांचे डोळे चमकले. “मग येऊ देत. पावसाळ्यात येऊ देत. मी त्यांचे स्वागत करीन.”

त्याच उन्हाळ्यात तुमच्या बाबांनी सुट्टीवर येताना अप्पांसाठी सिगारचा एक खोका आणला. अप्पांनीच फोन करकरून मागितला होता. सैन्यातल्या व्याह्याला देण्याजोगी वस्तू घरात आली, आणि लाटसाहेबांना कोणीतरी मोबाइलवर दाखवले, की सिगार अशी तशी ठेवायची नसते. तिला पेटी लागते. पेटीला आतून देवदार लागतो, आत ठरावीक दमटपणा लागतो, तो मोजायला काटा लागतो. झाले. मुलीच्या लग्नाची बोलणी बाजूला राहिली आणि अप्पांकडे पेटीचे काम सुरू झाले.

बाहेरची पेटी सागाची झाली. साग इथे मिळतो. देवदार कुठून आणणार? अप्पांनी घरातच आणला. माझ्या जावेची माहेरची एक पेटी होती, हातभर लांब, देवदाराची. तिच्यात तिचा लग्नातला शालू होता आणि तो वसूने नेसायचा, हे तिने जाण्यापूर्वी सांगून ठेवले होते. सुतार ओट्यावर बसला होता, मी समोरच उभी होते.

“साहेब, ही फोडायची?” सुतार म्हणाला. “चांगली आहे की.”

“फोडायची नाही. तिचा योग्य उपयोग करायचा.”

“म्हणजे फोडायचीच ना?”

“फळ्या पातळ काढ. खिळा एकही दिसता कामा नये.”

मी म्हटले, “भाऊजी, वसूला विचारलेत का?”

“वहिनी, हे लाकूड साड्यांसाठी नसते. तुम्हाला कल्पना नाही.”

संध्याकाळी वसू आली तर शालू खाटेवर वर्तमानपत्रात. तिने पेटी शोधली. मग ओट्यावरचा भुसा पाहिला. “बाबा, आईची पेटी होती ती.”

“म्हणूनच चांगल्या कामाला लावली. वास घे बघ किती सुंदर येतो.”

तिने शालू प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि कपाटावर ठेवला. मी म्हटले, माझ्याकडे दे, तर म्हणाली, “राहू दे काकू, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.” तिला वाटत होते, आता काही अडणार नाही.

पेटी सुंदर झाली, हे मी नाकारणार नाही. झाकण सोडले की ते धाडकन पडत नसे, आतली हवा दाबत हळूच बसे. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत. भर दुपारी दारे-खिडक्या लावून, पेटीत टॉर्च ठेवून, झाकणाच्या फटीतून उजेड येतो का ते पाहत. बॅटरीच्या दुकानातून शुद्ध केलेले पाणी आणले, त्याने लाकूड पुसले, साबणाच्या डबीला भोके पाडून तिच्यात ओला स्पंज घातला. काटा बरोबर आहे का हे पाहायला तो ओलसर मिठाबरोबर बंद पिशवीत घालून ठेवला. मे महिन्यात काटा पाहिजे तिथे स्थिर उभा राहिला. “जव्हारमध्ये हे कळणारा एकच माणूस आहे,” अप्पा म्हणाले. खरे होते. बाकीच्यांना दुसरे कळत होते.

तुम्ही इथे पावसाळ्यात कधी राहिला नाहीत. जूनपासून दसऱ्यापर्यंत इथले प्रत्येक घर एकाच कामाला लागलेले असते: ओल बाहेर ठेवणे. काडेपेटी तांदळाच्या डब्यात, पापड कोळशाच्या शेगडीजवळ, चपलांवर हिरवी बुरशी, बरणीतल्या मिठाचे पाणी. अशा गावात जन्मलेला माणूस पाऊस उंबऱ्यावर आलेला असताना पेटीत पाण्याचा स्पंज घालून बसतो! बाहेरून कोणी आला असता तर त्याने घाबरून स्पंज काढला असता. अप्पांनी काढला नाही, कारण मोबाइलवर स्पंज काढा असे कोणी म्हटले नव्हते. काटा चढत गेला. अप्पा म्हणाले, काटा बिघडला. मग आषाढात एका सकाळी झाकण उघडले तर प्रत्येक सिगारीवर पांढरी लव, थेट मांजराच्या पिलासारखी.

व्याही पुढच्या रविवारी यायचे होते. अप्पा घरभर फिरले. सिगारी रुमालाने पुसल्या, स्पंज फेकला, पेटी गादीखाली ठेवून पाहिली. शेवटी मागच्या पडवीत गेले. तिथे पाहुण्यांच्या तयारीसाठी मदतीला बोलावलेली जामसरची रखमा भाकरी भाजत होती. मी तिच्याजवळ पीठ चाळत बसले होते.

“रखमा, या घरातली सगळ्यात कोरडी जागा कुठली?”

रखमाने चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीकडे बोट केले. “ही, सायेब. हिच्यावं काय बी ओलं नाय व्हत.”

“मग ही पेटी वर ठेव. झाकण किलकिले ठेव, म्हणजे आत ऊब जाईल.”

“तठं सुकट हाय ना पण. बोंबील पण हायेत.”

“असू दे. जरा सरकव.”

रखमाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “भाऊजी, वास लागेल.” अप्पांचे नाक पावसाळाभर चोंदलेले असे. “वहिनी,” ते म्हणाले, “देवदाराच्या वासापुढे कसलाही वास टिकत नाही.”

रविवारी व्याही-विहीण आले. भर पावसात, एसटीने, गुडघ्यापर्यंत चिखल. व्याही सैन्यात होते हे खरेच, पण गाड्या दुरुस्त करायच्या कामावर. साधा, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. पाय धुऊन बसले आणि पहिल्यांदा वसूला म्हणाले, “पोरी, तू पण बस. तुझ्याशीच बोलायला आलोय.” मला तिथेच ते आवडले. विहिणीने बेसनाचे लाडू आणले होते. तारखेचे बोलणे निघाले, तुळशीचे लग्न झाल्यावर करू, असे सगळे म्हणाले, आणि वसूच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांनी रंग पाहिला.

तेव्हा अप्पांनी पेटी आणली. ट्रेमध्ये, वर रुमाल टाकून. झाकण सावकाश उघडले. “तुमच्यासारख्याला याची पारख असणार,” असे म्हणून एक सिगार व्याह्यांना दिली आणि स्वतः काडी ओढून पेटवून दिली.

व्याह्यांनी एक झुरका घेतला. थांबले. सिगार नाकाखाली धरली. पुन्हा एक झुरका घेतला, कारण पाहुण्याने लगेच तोंड वाकडे करायचे नसते. मग त्यांच्याने राहवेना. “साहेब,” ते म्हणाले, “फार भारी आहे. पण यात बोंबील भरलेत का हो?”

विहीण पदर तोंडात धरून हसली. तुमच्या आजोबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. आणि वसू हसली. मोकळी, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या घरात असे हसणे मी तिच्या आईच्या वेळेपासून ऐकले नव्हते. व्याहीही हसत म्हणाले, “अहो, चालायचेच! आमच्याकडे चहाला पण हा वास येतो कधीकधी.”

अप्पांनी पेटी मिटली. मुलीकडे पाहिले. “हे लग्न होणार नाही,” ते म्हणाले.

आधी कोणालाच खरे वाटले नाही. तुमच्या आजोबांनी समजावले, व्याह्यांनी हात जोडले, “माझ्या बोलण्यात काही वावगे गेले असेल तर माफ करा.” त्यांचे काही चुकले नव्हते, आणि त्यांना हात जोडताना पाहून मला जी शरम वाटली तिच्यासाठी मी अप्पांना आजवर माफ केलेले नाही. “ज्यांना दर्जा कळत नाही त्यांच्या घरी माझी मुलगी जाणार नाही,” एवढेच बोलून साहेब आतल्या खोलीत गेले. मला विचाराल तर बोंबील निमित्त होते. बोंबील नसते तर नाक निघाले असते, पत्रे निघाले असते. सकाळी डबा झाकून ठेवणारे दुसरे कोणी त्यांना मिळणार नव्हते. मी हे त्यांना दाराबाहेरून, मोठ्याने, ऐकू जाईल असे सांगितले. आतून कडी लागली.

वसू त्या दिवशी रडली नाही. कप उचलले, धुतले. विहिणीला म्हणाली, “आई, तारीख बदलायची नाही.” 

लग्न आमच्या घरून झाले. शालू पिशवीतून काढला तर त्यावर बुरशीचे करडे डाग होते. ते निऱ्यांमध्ये दडवून मी तिला तोच नेसवला. कन्यादान आजोबांनी आणि मी केले. अप्पांचे घर दोन गल्ल्या पलीकडे. आजोबा स्वतः बोलवायला गेले. “माझी तब्येत ठीक नाही,” असे उत्तर मिळाले. वरात त्या रस्त्याने गेली तेव्हा फाटकाजवळ खुर्ची होती, तिच्यात कोणी नव्हते. वसूने मान वळवली नाही. गाडीत बसताना मात्र माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

पुढची काही वर्षे ती दर दिवाळीला फराळ घेऊन जायची. अप्पा डबा घ्यायचे, पावसापाण्याचे बोलायचे, जावयाचे नाव काढायचे नाहीत. गेल्या हिवाळ्यात ते शेवटचे आजारी पडले. नाशिकच्या दवाखान्यात वसू आणि तुमचे काका आळीपाळीने त्यांच्याजवळ राहिले. मी एकदा भेटायला गेले. नर्स सलाइन बदलत होती. अप्पांनी तिला थांबवले, वसूकडे बोट केले. आवाज अगदी खोल गेला होता.

“ही माझी मुलगी,” ते म्हणाले. “शिक्षिका आहे. हिचे लग्न मी स्वतः जमवले. फार चांगली माणसे शोधून काढली.”

मी तोंड उघडले होते. वसूने चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि नर्सला म्हणाली, “हो ना. सगळे बाबांनीच केले.” मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.