कृपया हसू नये

स्किन क्लिनिकमध्ये दोन गोष्टी साठत जातात. संपलेल्या क्रीमच्या डब्या आणि किस्से. डब्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून ते असे सांगत बसावे लागतात.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. बंगळुरात, जयनगरातल्या एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी लागले. बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसावर चिडलेली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवणारं लेसर मशीन नुकतंच आलं होतं, आणि त्याचे पेशंट सगळे पन्नाशीपुढचेच. घ्या!

आमच्या डॉक्टरबाईंचे दोन नियम होते. पहिला, फॉर्ममधला 'कशासाठी?' हा शेवटचा रकाना पेशंटने स्वतःच्या हाताने भरायचा, आपल्या भाषेत. डॉक्टरांना ती भाषा येत नसली तरी चालेल. "तोंडाने माणूस काहीही सांगतो, लिहिताना खरं लिहितो," असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम, उपचाराआधी फोटो काढायचा आणि फोटोत हसायचं नाही. हसलं की नसलेल्या रेषा उमटतात आणि असलेल्या लपतात. कॅमेऱ्याच्या मागे, भिंतीवर तसा बोर्ड होता, कन्नड आणि इंग्रजीत. खाली मराठी ओळ मी स्केचपेनने घातली: 'कृपया हसू नये.'

"इथं मराठी कोण वाचतं?" नर्स सरोजक्काने विचारलं.

"मी वाचते," मी म्हटलं.

* * *

सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले एक देशपांडे काका आले. जन्मभर इंजिनिअर.

"लेसर किती खोल जातो?"

"केसाच्या जाडीएवढा," डॉक्टर म्हणाल्या.

"प्लस-मायनस किती?"

"सर, हा चेहरा आहे. मशीनचा पार्ट नाही."

"पार्टच आहे. साठ वर्षं मेंटेनन्स केला नाही, एवढंच."

मला वाटलं, हा माणूस 'कशासाठी?'मध्ये ड्रॉइंग काढणार. त्यांनी एकच ओळ लिहिली: 'बायको करून घेते आहे. मग लोक तिला माझी मुलगी समजतील.'

* * *

लेसरनंतर चेहरा काही आठवडे लालबुंद राहतो. उन्हात जायचं नाही, लोकांना काय सांगायचं ते घरूनच ठरवून यायचं. मारतहळ्ळीच्या एका बाईंनी सोसायटीत सांगून टाकलं, भजी तळताना तेल उडालं.

झालं. शेजारणी कोरफड घेऊन आल्या, हळद घेऊन आल्या. एकीने तर कढईच उचलून नेली, "आता महिनाभर आमच्याकडून भजी येतील" म्हणून. या बाई बिचाऱ्या सगळ्यांची भजी खात घरात बसल्या.

लाली उतरली आणि खाली नितळ कातडी निघाली, तेव्हा तीच शेजारीण कढई परत करायला आली. बराच वेळ चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेल कुठलं वापरता तुम्ही?"

* * *

बसवनगुडीच्या एक आजी होत्या. त्यांच्या तीन पिढ्या बंगळुरात गेलेल्या, मराठीत निम्मं कन्नड.

"अक्का, स्वल्प ऐक," त्या मला म्हणाल्या. "गालावरचं सगळं काढा. पण कपाळावरच्या दोन आठ्या ठेवा. नाहीतर घरात मला घाबरणार कोण?"

मला असली माणसं नेमकी माहीत होती. "आजी, लोकांना घाबरवायचंच आहे, तर आलात कशाला?"

आजी रागावल्या नाहीत. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी आहे वाटतं कुणीतरी आठीवालं?"

"आहे. आत्या."

"मग तिला विचार, आठी कुणामुळे पडली."

तेव्हा मी हे सगळ्यांना हसत हसत सांगायचे. आता एरवी आजींचं शेवटचं वाक्य गाळून सांगते.

* * *

आत्याबद्दल सांगायला हवं. कॉलेजपासून मी बंगळुरातच, बनशंकरी भागात तिच्याकडे राहत होते. ती शाळेतून रिटायर झालेली, एकटी. लहानपणी सुट्टीत मला लिहायला तिनेच शिकवलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं की तिच्या दोन भुवयांच्या मधोमध आठी पडायची. पुढे ती आठी कशालाही पडायला लागली. माझ्या मैत्रिणींना, माझ्या स्लीव्हलेसला, माझ्या नोकरीला.

एका रविवारी सकाळी उप्पीट वाढता वाढता ती म्हणाली, "बी.एस्सी. होऊन लोकांची सालं काढायची. त्यापेक्षा बटाटे सोलायला शिकली असतीस."

मी चमचा खाली ठेवला. "तुझी ती आठी बघितली ना आत्या, की या घरात यावंसं वाटत नाही. ये आमच्याकडे. खरवडून देऊ."

 आत्याने माझी ताटली उचलली, उप्पीट अर्धं होतं तरी.

आठवड्याभरात मी हॉस्टेलवर गेले. आपण जिंकलो असं मला वाटलं होतं. दोन महिन्यांनी आत्याने ते घर सोडलं आणि ती सांगलीला धाकट्या काकांकडे राहायला गेली. मी एसटीडी बूथवरून फोन करते. "जेवलीस?" "हो." "बरं." मग मी मीटर बघते आणि फोन ठेवते.

* * *

गेल्या महिन्यात आम्ही क्लिनिक वरच्या मजल्यावर हलवलं. ज्यांच्यावर उपचार झालेच नाहीत, त्यांचे फॉर्म सरोजक्का एका खोक्यात टाकते. फेकण्याआधी मी ते चाळत होते. एका फॉर्मवरचं अक्षर छापल्यासारखं.

नाव आत्याचं. वय खरं, एकोणसाठ. तारीख, मी घर सोडल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारची. गुरुवारी माझी सुट्टी असते, हे तिला पाठ होतं.

'कशासाठी?'च्या पुढे मराठीत लिहिलं होतं: 'भाचीला घरी यावंसं वाटावं म्हणून.'

त्याखाली डॉक्टरांचा शेरा: 'भुवयांमध्ये रेष दिसत नाही. उपचाराची गरज नाही.' सोबत तीन फोटो टाचलेले.

मी सरोजक्काला हाक मारली. "या बाई आठवतात?"

"त्या? माझ्या तीन फ्रेम वाया घालवल्या त्यांनी. किती सांगितलं, अम्मा, नगबेडी, हसू नका. सरी सरी, बरं बरं म्हणायच्या, समोर बघायच्या, की पुन्हा हसू."

मी तिन्ही फोटो टेबलावर ओळीने मांडले. एकाही फोटोत आत्या कॅमेऱ्यात बघत नव्हती. तिची नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर होती, भिंतीवरच्या माझ्या स्केचपेनच्या ओळीकडे.