भिंतीकडची रांग

पहिलीच्या बाईंचा शाळेत दरारा होता, आणि तो त्यांना मनापासून आवडायचा. उगाच खोटं कशाला बोला! पोराला याच बाई मिळणार म्हटल्यावर आईबाप निर्धास्त होऊन घरी जात. बाईंनाही ते ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्या लपवीतही नसत.

बाकी शाळेचा कारभार म्हणजे आनंदच होता. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकाच टेबलाभोवती डबे खायचे, पण खडूचा डबा जो तो आपापल्या कुलपात ठेवायचा. दुसरीच्या बाई म्हणायच्या, पहिलीतून पोरं कच्ची येतात. तिसरीवाले दुसरीवर खापर फोडायचे आणि चौथीचे सर सरसकट सगळ्यांवर. कच्ची पोरं मात्र तशीच पुढच्या वर्गात ढकलली जायची.

नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी हे सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायचं. तपासायला नाही, बघायला. आणि दिसेल ते इथे, तोंडावर बोलायचं."

"म्हणजे आता सासूबाई वर्गातच बसणार!" चौथीचे सर म्हणाले. सगळे हसले, पण मनातून एकालाही ते नको होतं.

पहिला होकार दिला तो पहिलीच्याच बाईंनी. "माझ्या वर्गाचं दार सताड उघडं आहे. आणि पाठवायचंच तर दुसरीच्या बाईंना पाठवा." मनात म्हणाल्या, एकदाची जिरू दे हिची.

त्या दिवशी बाईंनी असा काही वर्ग रंगवला की विचारू नका. अक्षरांना आवाज दिले, नकला केल्या, पोरं खिदळली, एकेक जण उठून धडाधड वाचून गेला. मधल्या सुट्टीत त्या मानेला झटका देऊन खोलीत शिरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "बोला की आता."

दुसरीच्या बाईंनी कपातला चहा नुसताच हलवला. "तुमच्यासारखं शिकवणं मला जन्मात जमायचं नाही, बाई. पण भिंतीकडच्या रांगेला तुम्ही तासभर काहीच विचारलं नाहीत. तिकडे पाहिलंसुद्धा नाहीत. दोन पोरं तर झोपली होती."

झालं! बाईंनी डोक्यात राख घातली. "मठ्ठ पोरं आहेत ती, तिकडेच बसतात! ओकलात ना मनातलं शेवटी?" आणि डबा तसाच टाकून निघून गेल्या. त्यानंतर अबोला. बाकीच्यांनाही निमित्तच हवं होतं. कुणाच्या वर्गात जाऊन बसणं बंद पडलं. मोठ्या बाईंनी एकदा आठवण करून दिली, तेव्हा जो तो वह्या तपासायचं निमित्त काढून निसटला.

एका सकाळी पहिलीच्या बाई फळ्याकडून वळल्या, भिंतीच्या बाजूला चार पावलं गेल्या आणि कुणावर तरी आदळल्या. पाहतात तर दुसरीच्या बाई.

"अगं बाई! कधी आलात?"

"मघाशीच. दारातून तुमच्या डाव्या अंगाने, त्या रांगेच्याच बाजूने आले. तुम्हाला हाकसुद्धा दिली नाही, मुद्दाम." दुसरीच्या बाईंनी त्यांचा हात धरला. "डोळे दाखवून या ना, बाई. मी येते सोबत."

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूचं बरंचसं गेलंय, गेलं ते परत यायचं नाही. उरलंय ते औषधाने राखू.

"पण मला कळलं कसं नाही?"

"कडेकडेने जाते नजर. माणसाला पत्ता लागत नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील याला."

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बाई बसल्या. "वर्षं म्हणाले ना ते? म्हणजे तुमच्याकडे जी कच्ची यायची..."

"राहू दे हो आता ते," दुसरीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी टेकल्या. राहू दे म्हटल्याने काय राहणार होतं?

शाळेत बाईंनी स्वतःच सगळं सांगितलं. चौथीचे सर, जे कधी आपला तास सोडायचे नाहीत, म्हणाले, "पहिलीच्या फळ्यापुढे मी आणि दुसरीच्या बाई आळीपाळीने उभे राहू. तुम्ही कच्च्या पोरांना एकेक करून समोर घ्या." वेळापत्रक सगळ्यांनी मिळून बसून केलं. शाळेत एकी झाली खरी. मोठ्या बाईंना हवी होती तशीच झाली, पण या भावाने ती कुणी मागितली होती!

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल लावून दिलं. दुसरीच्या बाईंनी आपल्या वर्गातली एक मुलगी पहिल्यांदा पाठवली. बाईंनी तिला अगदी समोर बसवलं, नीट न्याहाळलं. चेहरा काही केल्या ओळखीचा वाटेना.

"पहिलीला कुठल्या शाळेत होतीस गं?"

"इथंच. तुमच्या वर्गात."

"मग कधी काही बोलली का नाहीस?"

"मी हात वर करायची. रोज करायची." मुलगी बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिली. "मग आई म्हणाली, तू बाईंना आवडत नसशील, नको करत जाऊ. म्हणून सोडून दिलं."

बाईंना सांगायचं होतं की तसं नव्हतं, बाळा, मला दिसतच नव्हतं. पण आवडत नाही असं वाटून घेऊन ही पोर अख्खं वर्ष त्या बाकावर बसली होती, आणि ते वर्ष संपून गेलं होतं. बाईंनी तिच्यापुढे पुस्तक उघडलं. मुलीने भीतभीत पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि वाचायच्या आधी विचारलं, "आता चुकलं तर चालेल?"