राखेतली वांगी

जगाचा शेवट रिसोड तालुक्यात होणार, याबद्दल आमच्या साडूभाऊंना तिळमात्र शंका नाही. रिठदला त्यांचा भाजीचा मळा आहे आणि सकाळी मेथी बाजाराला रवाना केली की ते जगबुडीनंतरची कादंबरी लिहायला बसतात. अशा कादंबरीत वाक्यं तुटक हवीत आणि आभाळ करडं हवं, असं त्यांनी कुठंसं वाचलंय. त्यामुळे त्यांची सुरुवात अशी : ‘राख. सगळीकडे राख. माणूस नाही. वांगी बरी होती.’ सगळं जळून वांगी कशी काय वाचली, असं मी कुतूहलानं विचारलं, तर म्हणाले, “राखेनं माव्याची कीड जाते, भाऊ. वांग्याले अजून काय पायजे?”

अडलं ते माणसं मारताना. नायक एकटा उरायला हवा, पण गावातल्या माणसाला न विचारता मारायचं कसं? लग्नाच्या आमंत्रणाला जावं तसे ते घरोघर गेले, चहा प्यायले आणि परवानगी मागून आले. तिथंच मानपान आडवा आला. एका भावकीवर वीज पाडली म्हणून दुसरी रुसली. “त्यायले वीज अन् आमाले नुसता ताप? आमी काय परके हाओ?” असं एका म्हातारबांनी सुनावलं. सगळ्यांची मर्जी राखता राखता शेवटी सगळेच जिवंत राहिले. आता त्या जगबुडीनंतरच्या रिठदात पोळासुद्धा भरतो.

“मग बुडालं काय?” मी विचारलं.

“पुनं बंद पडलं न.”

पुण्यात त्यांचा एकुलता मुलगा कंपनीत आहे. येतो येतो म्हणतो, पण यंदाच्या पोळ्यालाही आला नाही. मेव्हणी सांगते, फोन वाजला की हे पाण्याची मोटर तशीच चालू ठेवून धावतात.

परवा मळ्यात त्यांनी मला शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यात तुटक काही नव्हतं, एकच लांबलचक वाक्य होतं : गाड्या बंद म्हणून पोरगा केनवडच्या रस्त्यानं पायी येतो, आई पाय धुवायला पाणी देते, तो भाकरी मोडतो, वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतो आणि...

“एवढ्यासाठी अख्खं जग बुडवलं?”

“सुट्टी भेटत नाही म्हनते तो. मंग काय करू?”

मला हसू आलं, पण त्यांची नजर पानावरच होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “वाचा पुढं.”

पुढं पान कोरं होतं.

“पुढं लिवलं तं,” साडूभाऊ म्हणाले, “तो वापस जाईन न.”