लाल गाडीची सीट

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, वेलांट्या चुकतात. शाळा चौथीतच सुटली. पण गफूरचाचांना जाऊन दीड महिना झाला, अजून कुणाजवळ काही बोलले नाही, म्हणून वहीत लिहिते.

बातमी आली तेव्हा मी त्यांच्याच पडेगावच्या गॅरेजात मशीनवर कव्हर शिवत होते. त्यांच्या मुलाचा, सलीमभाईचा फोन वाजला. "अब्बा गये," एवढंच तो म्हणाला. सुई कापडात तशीच राहिली…

बारा वर्षं मी चाचांकडं सीटची कव्हरं शिवली. मला माणसांसमोर बोलता येत नाही. चाचांना ते चालायचं. दुपारी पत्र्याच्या भोकांतून कवडसे जमिनीवर उतरायचे, दौलताबादच्या रस्त्याची घरघर लांबून यायची. चाचा गाडीखाली पडून गुणगुणायचे. ते जागे आहेत की झोपेत, कळायचंच नाही.

शेवटी हातात होती ती बुटकी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स गाडी. पाचोडकडच्या एका शेडात वर्षानुवर्षं पडून होती. मालकीण डॉक्टरबाई, गाडी त्यांच्या वारलेल्या वडलांची. वडील उंच, त्यामुळं सीट पार मागं, आणि तिथंच गंजून बसलेली. बाई माझ्यासारख्याच ठेंगण्या, क्लचला पाय पुरेना. "चाचा, मला ही नुसती बघायची नाही, चालवायचीय," त्या म्हणाल्या होत्या. इंजिन चाचांनी चालू केलं, पण सीट ज्यांवर सरकते त्या खालच्या पट्ट्या जाम, बोल्ट जाम, खालचा पत्रा पापडासारखा. जोर केला तर पत्राच उपटून आला असता.

चाचा सकाळ-संध्याकाळ बोल्टवर तेल सोडायचे, छोट्या हातोडीनं टकटक करून कान लावायचे.

"अब्बा, बोल्ट को बुखार है क्या? रोज दवा पिला रै," सलीमभाई चिडवायचा.

"हौ. तेरे जैसा डॉक्टर मिला तो टांगच काट देगा."

मी पदरात हसले. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, लोहे के जंग से लडते नै. पहले जरा कसना, फिर खोलना." त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तो फोन.

आठवड्यानं गॅरेज उघडलं. सलीमभाईनं बोल्ट कापायला थेट ग्राइंडर उचललं. त्याला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, मला दिसत होतं.

"नाय, सलीमभाई. अजून नाय."

तो बघतच राहिला. "ताई, तुम बोलते भी?" मग हळू म्हणाला, "अब्बा तो गये. अब किसकी राह देखना?"

मी पाना घेऊन आडवी झाले. मागच्या बोल्टपर्यंत माझा बारीक हात जात होता. आधी केसभर आवळलं, मग सोडून बघितलं. हलेना. पुन्हा तेल. ग्राइंडर खाली ठेवून सलीमभाई बॅटरीचा उजेड धरून बसला. तीन दिवस असेच गेले, स्वप्नात गेल्यासारखे… तिसऱ्या संध्याकाळी शेवटचा बोल्ट बारीक कुरकुरला आणि फिरला. सलीमभाईनं भिंतीकडं तोंड केलं. दफनानंतर तो पहिल्यांदाच रडला.

सीट बाहेर काढली, पट्ट्या डिझेलनं धुतल्या, ग्रीस लावलं, कव्हर चढवून पुन्हा बसवली. डॉक्टरबाई आल्या. सीट पुढं ओढली, क्लच खालपर्यंत दाबला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सीट पार मागं सरकवली आणि वडलांच्या जागेवर डोळे मिटून थोडा वेळ बसल्या.

मग त्यांनी सीट पुढं घेतली, गाडी चालू केली, आणि सलीमभाईनं फाटक उघडलं.